खवलेमांजराचा लॅपटॉप आणि जाणकार वानर

एका जंगलात नलू नावाची एक खवलेमांजर राहायची. मुलांनो, खवलेमांजर तुम्ही पाहिलं नसेल. काही हरकत नाही. नलूलाही फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. डोक्यापासून शेपटीपर्यंत खवले, जीभ हातभर लांब, आणि खुट्ट झालं की अंगाचा चेंडू. पान पडलं, चेंडू. कुणी मागून "नमस्कार" म्हणालं, चेंडू. एकदा तिला स्वतःचीच शिंक ऐकू आली होती. तेव्हा ती दुपारपर्यंत चेंडू होती.

नलूचं बीळ अर्जुनाच्या झाडाखाली होतं. तिच्या आईने खणलेलं. आत दोन वळणं, कोरडी जमीन, आणि मागच्या भिंतीला लागूनच वारूळ. भिंतीच्या भोकात जीभ घातली की जेवण. हात धुवायचाही प्रश्न नाही. अशी जागा त्या जंगलात दुसरी नव्हती. हे नलूला माहीत होतं. आणि तरसालाही माहीत होतं.

तरस दोन दिवसांआड यायचा. "सहज आलो होतो," म्हणायचा, आणि बिळाचं तोंड पावलांनी मोजायचा. मग "बरंय," म्हणून जायचा.

एके दिवशी वाघ सरकारने दवंडी पिटवली. यापुढे जंगलाचा कारभार कागदाविना चालेल. जंगलात आधीही कागद नव्हता, पण ते कुणी बोललं नाही. बिळात राहणाऱ्या प्रत्येकाने आपल्या बिळाचा अर्ज ऑनलाइन भरावा. अर्ज मोबाइलवर उघडणार नाही. तो त्या बिळात बसूनच भरावा, बीळ कुठलं ते यंत्र आपोआप ओळखेल. एका बिळाला एकच अर्ज. एकदा भरला की बदल नाही. मुदत आठ दिवस. ज्या बिळाचा अर्ज येणार नाही, ते मागेल त्याला मिळेल. झाडावरच्यांचं दुसऱ्या टप्प्यात बघू.

नलूचं बीळ तरसाने दवंडी संपायच्या आत मागून ठेवलं.

आता नलूकडे लॅपटॉप होता. तो कसा आला, ते सांगते. काही वर्षांपूर्वी एक माणूस खवलेमांजरांचा अभ्यास करायला जंगलात आला होता. तीन महिने तो अर्जुनाच्या झाडासमोर बसला. त्याने नलूचे चारशे फोटो काढले. सगळे चेंडूचे. एका सकाळी नलूने चुकून तोंड बाहेर काढलं. माणसाने आनंदाने कॅमेरा उचलला. तेवढ्यात त्याच्या मागे वाघ सरकार येऊन उभे राहिले. माणूस कॅमेरा घेऊन गेला. लॅपटॉप आणि एक चप्पल राहिली.

लॅपटॉप तेव्हाच जुना होता. आता त्याचा पडदा लुळा पडला होता. त्याला मागून दगडाचा टेकू द्यावा लागायचा. बॅटरी मेलेली. वनखात्याने अर्जुनाला ठोकलेल्या सौर पत्र्यातून बिळात वायर यायची, तिच्यावरच तो जगायचा. वायर निघाली की संपलं. म्हणजे लॅपटॉप बिळातून बाहेर नेता येत नव्हता. आणि आतला पंखा असा घोंघावायचा, की गांधीलमाशांचं पोळं उठलंय असं वाटावं.

दवंडीच्या दिवशीच नलूने तो चालू केला. पंखा घोंघावला. नलू चेंडू झाली. तासाभराने उलगडून पाहते तर पडद्यावर पाटी. "कृपया अद्ययावत करा."

नलूने "करा" दाबलं.

"हे यंत्र अद्ययावत होण्यास पात्र नाही."

नलूने "ठीक आहे" दाबलं. दुसरं काही दाबायला नव्हतंच.

"कृपया अद्ययावत करा."

असं सतरा वेळा झालं. मग तिला वाटलं, यंत्र आपल्यावर चिडलंय. तिने पडदा मिटला आणि त्याची माफी मागितली. दुसऱ्या कुणाचा लॅपटॉप मागावा, तर ज्याचा त्याचा लॅपटॉप ज्याच्या त्याच्या बिळात गुंतलेला. सगळं जंगल अर्ज भरत होतं.

त्या जंगलात मोहाच्या झाडाखाली एक मंडळ बसायचं. मुक्त यंत्र मदत मंडळ. झाडावर पाटी होती, "येथे मदत फुकट मिळेल." अध्यक्ष होते दिनकरराव वानर. त्यांच्या शेजारी अप्पा घुबड, आणि समोर चिंतू मुंगूस. तिघेही यंत्रातले जाणते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत झाडाखाली बसून मदत करायचे. मंडळाचा नियम एकच होता. मदत करायची, पण झाडाखालून उठायचं नाही. जो एकदा उठून कुणाच्या घरी गेला, त्याला जन्मभर बोलावणी येतात.

नलू तिथे गेली आणि म्हणाली, "माझा लॅपटॉप जुना आहे हो." खरं सांगायचं तर चेंडूच्या आतून म्हणाली.

"कोण बोलतंय?" चिंतू मुंगूस म्हणाला.

"तो दगड बोलतोय," अप्पा घुबड म्हणाले.

"दगड नाही, नलूताई आहे ती," दिनकरराव म्हणाले. ते मनाने चांगले होते. "ताई, यंत्र कधी जुनं नसतं. जुनी होते ती आतली प्रणाली. ती काढून टाक. लिनक्स टाक."

"ते काय असतं?"

तिघांचे चेहरे उजळले. लग्नाचा अल्बम बघू का, असं विचारल्यावर नव्या नवरीचा उजळतो तसे. मग ते ऊन उतरेपर्यंत बोलले. नलूला जे समजलं ते एवढंच. लिनक्स फुकट असतं. ते कुणा एकाचं नसतं, सगळ्यांचं असतं. आणि ज्वारीचे असतात तसे त्याचे वाण असतात.

"नवख्यांसाठी पुदिना वाण," दिनकरराव म्हणाले. "सोपा, हलका. जुन्या यंत्राला पचतो."

"पुदिना?" चिंतू मुंगूस अंगावर आला. "पोरीला जन्माची पांगळी करायचीय का? ताई, तुम्ही खैर वाण टाका. त्यात काहीच नसतं."

"काहीच नसतं?"

"काहीच नसतं! जे हवं ते आपलं आपण बनवायचं."

"मला फक्त अर्ज भरायचाय."

"तोही बनवता येतो."

अप्पा घुबडांनी एक डोळा उघडला. "माहितीपत्रक वाचलंस का?"

"नाही."

"वाच." डोळा मिटला.

"किती पानांचं आहे, अप्पा?"

"चौदाशे."

ते कुठे मिळतं, हे विचारायचं नलूच्या मनात होतं. पण तोवर दिनकरराव आणि चिंतू एकमेकांना "तुमच्यासारख्यांमुळेच" असं म्हणू लागले होते. ती हळूच निघाली. दुसऱ्या दिवशी परत आली तर दोघे त्याच वाक्यावर होते. दुसरा दिवस असा गेला. संध्याकाळी दिनकररावांनी चिंतूची नजर चुकवून तिच्या पंजात एक पेन ड्राइव्ह ठेवला. "पुदिना," ते कुजबुजले. "लावायचा, यंत्र चालू करताना एफ-बारा दाबत राहायचं, आणि विचारेल त्याला हो म्हणायचं. घाबरायचं नाही. काही बिघडत नाही. पण आपल्या मनाने काही दाबू नकोस, सगळं बिघडेल."

तिसऱ्या दिवशी नलूने तो लावला. एफ-बारा दाबत राहिली. पडदा काळा झाला. मग निळा झाला. मग यंत्राने तिला नाव विचारलं. आजवर तिला कुणी प्रेमाने नाव विचारलं नव्हतं. तिने सांगितलं. मग त्याने पासवर्ड मागितला. तिने लिहिलं, "मुंगी."

"कमकुवत," यंत्र म्हणालं.

नलूला ते लागलं. तिने लिहिलं, "मुंगीमुंगी."

"साधारण."

ती सुखावली. साधारणपर्यंत ती याआधी कधी पोचली नव्हती.

मग यंत्राने विचारलं, "सगळं पुसून टाकू?"

सगळं? सगळं म्हणजे काय काय? नलूने बिळाच्या तोंडातून बाहेर पाहिलं. जंगल जागच्या जागी होतं. अर्जुन होता. लांबवर दोन चितळं चरत होती. हे सगळं आपल्या एका कळेवर आहे, असं तिच्या मनात आलं, आणि ती चेंडू झाली. चेंडू होताना शेपटी फिरली. शेपटी "हो"वर पडली.

ती उलगडली तेव्हा पंधरा-वीस मिनिटं झाली होती. चितळं चरतच होती. पडद्यावर एक हिरवं पान होतं, आणि पंखा गप्प. लॅपटॉप इतका शांत होता, की नलूने नाकाशी पंजा धरून बघितलं. मग हलकेच एक चौकोन दाबला. तो लगेच उघडला. दुसरा दाबला. तोही. त्या दिवशी ती एकही चूक न करता नुसते चौकोन उघडत आणि मिटत बसली.

फक्त वाय-फाय लागेना. त्याला एक आज्ञा द्यावी लागते, असं दिनकररावांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. काळा पडदा उघडायचा आणि चिठ्ठीतली ओळ जशीच्या तशी लिहायची. नलूने लिहिली. एकेक अक्षर तीनदा ताडून. मग एंटर दाबलं.

काळ्या पडद्यावर ओळ आली. "नलू हिचा पासवर्ड :"

नलूने "मुं" दाबलं. काही उमटलं नाही.

तिने पुन्हा दाबलं. अक्षर नाही, ठिपका नाही, काही नाही. "गी" दाबलं. "मुं" पुन्हा. पडदा काळाच्या काळा. एक पांढरी रेघ तेवढी तिच्याकडे बघत लुकलुकत होती.

नलूने पंजा मागे घेतला. तिला सगळं कळून चुकलं. "सगळं पुसून टाकू" म्हणजे हे. आपण कळफलक पुसून टाकला.

चौथ्या दिवशी ती मोहाखाली धावली. रस्त्यात फक्त दोनदा चेंडू झाली, यावरून तुम्हाला कल्पना येईल.

"कळा मेल्या," ती म्हणाली. "पासवर्ड लिहिते तर उमटतच नाही."

तुम्हाला वाटेल, तिघांपैकी एक तरी खरं कारण सांगेल. पण मुलांनो, पोहणाऱ्याला पाणी ओलं असतं हे सांगायचं सुचत नाही. तिघे विचारात पडले.

"गाभा जुना असणार," दिनकरराव म्हणाले.

"वाण चुकीचा," चिंतू म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं? पुदिना! खैर टाका, ताई. हा घ्या पेन ड्राइव्ह."

"कळांखाली मुंग्या गेल्या असतील," अप्पा म्हणाले. "तुझ्या घरात असतात."

"त्या मी खाल्ल्या, अप्पा. आधी तेच पाहिलं. तुम्ही कुणी जरा येऊन बघाल का? इथून चार झाडांवर तर आहे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"नियम आहे, ताई," दिनकरराव हळहळून म्हणाले. "नाहीतर आलोच असतो."

नलूने खैर वाण टाकला. खैरात खरोखर काहीच नव्हतं. हिरवं पान नाही, चौकोन नाहीत. नुसता काळा पडदा, आणि त्यावर पहिल्याच ओळीला पासवर्ड. तोही उमटेना. म्हणजे रोग पसरला होता. पाचव्या दिवशी चिंतूने आणखी एक वाण दिला, करवंद नावाचा. त्यात पान होतं, पण उलटं होतं. सहाव्या दिवशी सकाळी नलूने पुन्हा पुदिना टाकला. एव्हाना तिला ते डोळे मिटून येत होतं. एफ-बारा, हो, मुंगीमुंगी, हो. पण काळा पडदा उघडला की पुन्हा तेच.

ती बिळाबाहेर आली तर समोर तरस. तोंडात एक मोठं हाड. त्याने ते दाराशी नीट उभं करून ठेवलं.

"सहज आलो होतो," तो म्हणाला. "म्हटलं सामान थोडं थोडं आणावं. एकदम नको. तुला त्रास व्हायचा."

नलू चेंडू झाली.

"मागची भिंत पाडावी म्हणतोय," चेंडूभोवती फेरी मारत तरस म्हणाला. "मला वारूळ लागत नाही. उगाच कटकट."

तो गेल्यावर बऱ्याच वेळाने नलू पाणवठ्यावर गेली. पाणी प्यायला वाकली, बेडूक ओरडला, ती चेंडू होऊन पाण्यात पडली.

"काय गं नलू, आंघोळ का?" काठावरून आवाज आला. सावित्रीकाकू कासवी होती. वय झालेलं, पाठीवर शेवाळ. तिने नलूला नाकाने ढकलत ढकलत काठाला आणलं. "आणि रडतेस कशाला?"

"पाणी आहे ते, काकू."

"डोळ्यांतून येतंय ते."

मग नलूने सगळं सांगितलं. बीळ, तरस, भिंत. पुदिना, खैर, करवंद. सावित्रीकाकूने ऐकून घेतलं. तिला कसलीच घाई नव्हती.

"अगं, दिसत नाही ते," काकू म्हणाली.

"काय?"

"पासवर्ड. काळ्या पडद्यावर लिहिताना दिसतच नाही. मीही आठवडाभर रडले. न दिसता लिहायचा आणि एंटर दाबायचं."

"पण एक ठिपकासुद्धा उमटत नाही, काकू."

"नाहीच उमटत. पासवर्ड आहे तो, रांगोळी आहे का? मागून कुणी बघू नये म्हणून."

नलू काकूकडे बघत राहिली. "तुम्ही मंडळात आहात?"

"मी कसली मंडळात! मी गेल्या महिन्यात शिकले. मला अजून काही येत नाही."

नलू घरी आली. काळा पडदा उघडला. काहीही न दिसता "मुंगीमुंगी" लिहिलं. एंटर दाबलं.

अक्षरांच्या ओळीच्या ओळी धावत सुटल्या. नलू घाबरून चेंडू झाली, पण या खेपेला एक डोळा बाहेर ठेवून. ओळी थांबल्या. कोपऱ्यात वाय-फायच्या चार कमानी उजळल्या. मंडळाच्या चौदाशे पानांच्या पत्रकात ही गोष्ट पहिल्याच पानावर होती, असं पुढे कळलं. असो.

सातव्या दिवशी सकाळी सरकारचा अर्ज उघडला. यंत्राने बीळ अचूक ओळखलं. अर्जुनाखालचं, वारूळलगत. खाली एकच रिकामी जागा. "राहणाऱ्याचं नाव." त्याखाली लाल अक्षरांत, "एकदा भरलेल्या अर्जात बदल होणार नाही." आणि त्याखाली एक बटण.

नलूने "न" लिहिला. मग हात थांबला. नाव लिहिताना चुकलं तर? "नलू"चं "नळू" झालं तर? आयुष्यभर नळू नावाच्या कुणाच्या तरी घरात राहायचं? तिने "न" पुसला. पुन्हा लिहिला. पुन्हा पुसला. असं उन्हं वर येईपर्यंत चाललं. तिला वाटलं, अशा वेळी शेजारी कुणीतरी जाणकार असावं. नुसतं उभं जरी राहिलं तरी चालेल.

ती मोहाखाली गेली आणि म्हणाली, "चाललं."

"काय चाललं?"

"लिनक्स. त्या जुन्या लॅपटॉपवर. नेटसकट."

मंडळ उठलं. तिघेही. चालत नसलेल्या यंत्राकडे जाऊ नये असा नियम होता, चालणाऱ्याबद्दल नियमात काही नव्हतं. दिनकररावांचं डोकं बिळात शिरताना तीनदा आपटलं. त्यांची शेपटी आत मावेना, ती त्यांनी अप्पांच्या गळ्यात टाकली. चिंतूने लॅपटॉप खालून वरून हुंगला.

"तेरा वर्षांचं यंत्र," दिनकरराव म्हणाले. त्यांनी पडद्यावरून हलकेच हात फिरवला.

"खैरावर आणखी पळालं असतं," चिंतू म्हणाला.

"मी नाव लिहिते," नलू म्हणाली. "तुम्ही फक्त बघा, बरोबर आहे का."

"थांब!" दिनकरराव ओरडले. नलूचा चेंडू झाला. "एकदम खरा अर्ज भरतेस? वेडी आहेस का, ताई? मध्येच नेट गेलं, अर्ज अर्धवट अडकला, म्हणजे तुझं नाव कायमचं लटकलं. आधी चाचणी घ्यायची. कुठलंही काम खरं करण्याआधी एकदा खोटं करून बघायचं. ही शिस्त आहे."

"हो," चेंडू म्हणाला. चेंडूला ते अगदी पटलं. आयुष्यात प्रथमच तिला कुणीतरी आपल्याहून जास्त काळजी करणारं भेटलं होतं.

"मी माझं नाव टाकतो," दिनकरराव म्हणाले. "मी झाडावरचा. माझा टप्पाच आला नाही. अर्ज फेटाळला जाईल. फेटाळला की कळेल, सगळं व्यवस्थित चालतंय. मग तू निर्धास्त भर."

"फेटाळतील ना पण?"

"वानराला कुणी बीळ देईल? सरकार काय खुळं आहे?"

दिनकररावांनी "दिनकर वानर" असं लिहिलं आणि बटण दाबलं. एक गोल फिरला. मग पडद्यावर फुलं पडली.

"अभिनंदन, दिनकर वानर. अर्जुनाखालचं बीळ आपल्या नावे झाले आहे."

भिंतीपलीकडे मुंग्या चालल्याचा आवाज येत होता.

"म्हणजे नेट नीट चालतंय," चिंतू म्हणाला.

"तेरा वर्षांचं यंत्र," दिनकरराव म्हणाले, आणि त्यांनी चिंतूला मिठी मारली. वाणांचं भांडण त्या क्षणी मिटलं. अप्पांनीही दोन्ही डोळे उघडले.

"माझं बीळ?" नलू म्हणाली.

"हां, ते," दिनकरराव म्हणाले. "ती त्यांच्या प्रणालीतली त्रुटी आहे, ताई. आपण कळवू. त्रुटी कळवणं कर्तव्यच आहे आपलं."

तिघांनी बसून त्रुटी कळवली. दुपारभर. मुद्देसूद, तीन परिशिष्टांसह. उत्तर तासाभरात आलं. "त्रुटी नाही. असेच अपेक्षित आहे."

आठव्या दिवशी तलाठी आले. तलाठी म्हणजे कोल्हा. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. काखेत टॅब, डोळ्यांवर झोप. अर्जदार खरोखर त्या बिळात राहतो की नाही, याची प्रत्यक्ष तपासणी करायचा हुकूम होता. राहत नसेल तर अर्ज रद्द, आणि बीळ मागणाऱ्याला. मागणारा शेजारीच उभा होता. हाडाजवळ, अंथरुणासह.

मंडळही आलं होतं. आपण समजावून सांगू, असं दिनकररावांनी नलूला सांगितलं होतं.

"दिनकर वानर कोण?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"मीच. पण भाऊसाहेब, त्याचं असं झालं, ती चाचणी होती. म्हणजे प्रत्यक्षात मी..."

"प्रत्यक्षात झाडावर राहतो," तरस म्हणाला. "सगळ्या जंगलाला ठाऊक आहे. विचारा की त्यालाच."

"लांबण नको," भाऊसाहेब म्हणाले. "इथे राहता की नाही? माझ्या टॅबवर दोनच चौकोन आहेत. हो, नाही."

दिनकरराव सरळ माणूस होते. म्हणजे सरळ वानर. त्यांनी तोंड उघडलं. नलूला त्या तोंडात "ना" दिसला. स्पष्ट दिसला. त्यामागे तरसाचं अंथरूण दिसलं, आणि आईने खणलेली मागची भिंत पडताना दिसली. तिचं अंग वळायला लागलं. चेंडू व्हायला एक क्षण उरला होता. त्या क्षणात ती म्हणाली,

"राहतात."

सगळे तिच्याकडे वळले.

"आमच्याकडेच असतात," नलू म्हणाली. आवाज कापत होता, पण बाहेर येत होता. "आत्ताच उन्हाला म्हणून बाहेर आले. दिनकरराव, चला आत. तुमचं जेवण गार होतंय."

"नलूताई, आपण खोटं कशाला..."

"जेवण गार होतंय, म्हटलं ना!"

दिनकरराव दचकले. दचकून आत शिरले. नलूने वारुळाच्या भोकातून द्रोणभर मुंग्या काढून त्यांच्यासमोर ठेवल्या. तांबड्या होत्या. जिवंत होत्या. भाऊसाहेब दारातून वाकून बघत होते. त्यांच्या खांद्यावरून तरस बघत होता.

"वानर मुंग्या खातो?" तरस म्हणाला.

"खाऊ दे, कळेलच," भाऊसाहेब म्हणाले.

दिनकरराव शाकाहारी होते. सात पिढ्यांचे. त्यांनी नलूकडे पाहिलं. नलूने त्यांच्याकडे पाहिलं. आठ दिवसांत तिने त्यांचं सगळं ऐकलं होतं. त्यांनी द्रोण उचलला आणि तोंडाला लावला. चावले नाहीत. मुंग्या मात्र चावल्या. एक मुंगी नाकपुडीतून परत बाहेर आली, ती त्यांनी शांतपणे आत घेतली.

"मीठ जरा कमी आहे," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं.

भाऊसाहेबांनी "हो"वर टिचकी मारली. मग नलूकडे वळले. "तुम्ही कोण यांच्या?"

"मी... काय काय चौकोन आहेत?"

"पत्नी, अपत्य, पाहुणी, भक्ष्य."

"पाहुणी लिहा."

भाऊसाहेबांनी लिहिलं. टॅब काखेत मारला. जाताना म्हणाले, "यापुढे अचानक तपासणी होईल. कधीही. अर्जदार जागेवर सापडला नाही, तर बीळ गेलं."

"मी बसतो मग समोर," तरस म्हणाला. त्याने अंथरूण रस्त्यापलीकडे, बिळाच्या बरोबर तोंडासमोर पसरलं. "सहज."

तो अजून तिथेच बसलाय. त्यामुळे दिनकरराव अजून आतच आहेत. पहिल्या आठवड्यात त्यांनी दोन्ही वळणांवर डोकं फोडून घेतलं. आता त्यांना अंदाज आलाय. नलू त्यांना रोज कोवळा पाला आणून देते. तलाठी आले की मुंग्या. मुंग्या त्यांना अजून पचत नाहीत, पण मीठ कमी आहे असं ते आता म्हणत नाहीत.

मंडळाने नवा अध्यक्ष निवडला आहे. म्हणजे निवडायला घेतला आहे. चिंतू आणि अप्पा पद्धतीवर अडले आहेत. नियम मात्र तातडीने दुरुस्त झाला. यंत्र चालत असो वा नसो, झाडाखालून उठायचं नाही. नलूने दोनदा निरोप पाठवला, अध्यक्षांना सोडवायला काही सुचतंय का. अप्पांचा निरोप आला, पत्रक वाच.

लॅपटॉप उत्तम चालतो. पंख्याचा आवाज नाही. नलू तो बिळाच्या तोंडाशी, वायर पोचते तिथवर आणून बसते. कुणी अडलेलं आलं तर सावित्रीकाकूकडे पाठवते.

"नलूताई," आतून आवाज येतो. "बाहेर ऊन आहे का?"

"आहे."

"मोहाला फुलं आली का?"

"आली."

गेल्या सोमवारपासून नलूने तिसरं वळण खणायला घेतलंय. शेपटीसाठी.

तात्पर्य : नवशिक्याने जाणकाराला निःसंकोच घरी बोलवावं. एक जाणकार घरात कायमचा अडकला, की बाकीचे मदतीला येत नाहीत.